हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज : एका फेरीबोटीची सात वर्षांची नोकरी

दर्यावेडा (धागाकर्ता)

‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइज’ हे नाव निघालं की ६ मार्च १९८७ ची संध्याकाळ आठवते आणि पाठोपाठ एक ठरलेलं वाक्य येतं : दरवाजा बंद करणारा खलाशी झोपला होता. वाक्य खरं आहे. पण ही बोट कोणी बांधून घेतली, कुठल्या धक्क्यांसाठी बांधली आणि मग तिला कुठे जुंपलं हे पाहिल्याशिवाय त्या संध्याकाळचा अर्थ लागत नाही, असं माझं ठाम मत आहे. म्हणून सुरुवात बरीच मागून करतो.

इंग्लंड आणि फ्रान्स यांच्यामधल्या इंग्लिश खाडीत मोटारी पलीकडे नेण्याचा धंदा आधी रेल्वे कंपन्यांच्या हातात होता. भाडं जबर, आणि गाडी क्रेनने उचलून मालासारखी जहाजात ठेवायची. १९२८ साली स्टुअर्ट टाउनसेंड नावाच्या कॅप्टनने एक छोटं कोळसावाहू जहाज भाड्याने घेऊन डोव्हर ते कॅले अशा स्वस्त फेऱ्या सुरू केल्या. गंमत म्हणून नाही. रेल्वेवाल्यांनी घाबरून दर उतरवावेत म्हणून. दर उतरले, पण टाउनसेंडचा धंदाही उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर गाडी स्वतः चालवत बोटीत न्यायची सोय आली, डोव्हरच्या ईस्टर्न डॉक्समध्ये १९५३ साली त्यासाठी खास धक्के झाले, आणि १९६२ पासून ‘फ्री एंटरप्राइज’ नावाची मालिका सुरू झाली. समोर सरकारी मालकीच्या ब्रिटिश रेल्वेच्या बोटी, तेव्हा खासगी कंपनीने असं नाव का घेतलं ते सांगायला नको. १९६५ च्या ‘फ्री एंटरप्राइज २’ मध्ये पुढे आणि मागे दोन्हीकडे दरवाजे होते. एका टोकाने चढायचं, दुसऱ्या टोकाने उतरायचं, गाडी रिव्हर्स घ्यायचं कामच नाही. पुढे नॉर्वेच्या थोरेसन कंपनीशी सोयरीक झाली आणि टाउनसेंड थोरेसन हे नाव रूढ झालं. नारिंगी रंगाच्या बोटी, लांबून ओळखू येणाऱ्या.

१९८० साली या कंपनीने डोव्हर–कॅले मार्गासाठी तीन सख्ख्या बहिणी आणल्या : स्पिरिट, हेराल्ड आणि प्राइड. तिन्ही जर्मनीत ब्रेमरहाफनच्या शिशाउ उंटरवेजर गोदीत बांधलेल्या. हेराल्ड ७,९५१ टनांची, लांबी सुमारे १३२ मीटर, तीन इंजिनं, वेग २२ नॉट (ताशी २२ सागरी मैल). पण वेग ही तिची खरी ताकद नव्हे. तिची ताकद होती धक्क्यावर कमीत कमी वेळ थांबण्यात. गाड्यांचे दोन मजले, आणि डोव्हर व कॅले दोन्हीकडे दुमजली रॅम्प. वरच्या आणि खालच्या मजल्यावर एकाच वेळी गाड्या चढायच्या. निघाल्याबरोबर झपाट्याने वेग पकडायचा, सव्वा तासात पलीकडे, पुन्हा तेच. पुढचे दरवाजे आडवे बाजूला सरकणारे होते. आधीच्या बऱ्याच बोटींची चोच वर उचलली जायची, ती उघडी राहिली तर पुलावरून, म्हणजे कप्तान उभा असतो त्या ब्रिजवरून, समोर दिसायचीच. हेराल्डचे दरवाजे उघडे की बंद हे ब्रिजवरून दिसण्याची सोय नव्हती.

हा एक बारकावा लक्षात ठेवा. बाकीचं प्रतिसादांत लिहितो.

केंटकर

फारच छान सुरुवात. मी बरीच वर्षं डोव्हरच्या जवळ राहतो. इथे आजही या बोटीबद्दल बोलताना लोक आवाज उतरवतात, कारण बुडालेल्या खलाशांपैकी कितीतरी जण याच गावातले, आसपासच्या गल्ल्यांतले होते. सेंट मेरी चर्चमध्ये स्मरणार्थ काचचित्राची खिडकी आहे, दर ६ मार्चला प्रार्थना होते. प्रवाशांत बरेच जण एका दिवसाच्या सहलीला गेलेले. ‘द सन’ वर्तमानपत्राने एका पौंडात पलीकडे जाऊन यायची कुपनं काढली होती. अशा घरांतले लोक, ज्यांना एरवी परदेश परवडत नसे.

लवकर पुढे लिहा.

दर्यावेडा

धन्यवाद केंटकर. आता झेब्रुग.

बेल्जियममधलं झेब्रुग बंदर डोव्हरपासून साडेचार तासांवर. हेराल्ड मुळात या मार्गासाठी नव्हतीच, पण त्या हिवाळ्यात ती तिकडे चालत होती. कंपनीचा हिशोब असा : प्रवास लांबचा, म्हणजे अधिकाऱ्यांना विश्रांती जास्त, तेव्हा कॅले मार्गापेक्षा एक डेक अधिकारी कमी ठेवला तरी चालेल.

झेब्रुगच्या त्या धक्क्यावर रॅम्प एकमजली. उधाणाच्या भरतीला बोट इतकी वर यायची की तो रॅम्प हेराल्डच्या वरच्या मजल्याला पोचायचाच नाही. मग उपाय काय, तर बोटीच्या पुढच्या टाक्यांत पाणी भरून तोंड खाली दाबायचं, गाड्या चढवायच्या, आणि निघताना ते पाणी उपसायचं. उपसायला फार वेळ लागे. जास्त ताकदीचा पंप बसवा अशी मागणी बोटीवरून झाली होती. खर्च २५,००० पौंड, कंपनीला तो परवडण्याजोगा वाटला नाही. म्हणजे बोट निघायची तीच नाक खाली करून. ६ मार्चला ते नाक सुमारे ०.८ मीटर खाली होतं.

आणि वर घाई. १९८६ च्या ऑगस्टमध्ये झेब्रुगच्या एका व्यवस्थापकाने लेखी कळवलं होतं की अधिकारी पुरेसा हलत नसेल तर त्याच्यावर दबाव आणा, उशिरा सुटणं चालणार नाही, आपली वेळ म्हणजे पंधरा मिनिटं आधी.

त्या संध्याकाळी ४५९ प्रवासी, ८० कर्मचारी, ८१ मोटारी, ४७ ट्रक आणि ३ बस घेऊन बोट ६ वाजून ५ मिनिटांनी सुटली. पाच मिनिटं उशीर झालेला. तोंड धक्क्याकडे होतं, त्यामुळे मागे मागे येत वळून बाहेर पडायचं होतं. दरवाजा बंद करायची जबाबदारी असिस्टंट बोसनची (आपल्या जहाजांवर सारंग म्हणतात तो बोसन, त्याचा हा हाताखालचा), आणि तो साफसफाईचं काम संपवून केबिनमध्ये झोपी गेलेला. निघण्याची घोषणा झाली, त्याला जाग आली नाही. खुद्द बोसन त्या डेकवरून शेवटी निघालेल्यांपैकी. दरवाजा उघडा होता, पण तो लावणं हे त्याचं नेमून दिलेलं काम नव्हतं. दरवाजा लागतो का हे पाहायचं होतं त्या अधिकाऱ्याला बॉयलरसूट घातलेला कोणीतरी येताना दिसला, त्याला वाटलं दरवाजावाला आला. त्याला एकाच वेळी दोन ठिकाणी असणं भाग होतं : खाली दरवाजापाशी आणि वर ब्रिजवर. तो वर गेला. आणि कप्तानाला नियमाप्रमाणे कोणी ‘दरवाजा लागला’ असं कळवतच नसे. काही गडबड असेल तरच कळवायचं. कोणी काही बोललं नाही याचा अर्थ सगळं ठीक.

६ वाजून २४ मिनिटांनी बंदराची भिंत मागे पडली. वेग वाढला, पाणी दारातून आत शिरलं, आणि चार मिनिटांत बोट डाव्या कुशीवर. किनाऱ्यापासून साधारण किलोमीटरभर, उथळ वाळूवर टेकली म्हणून अर्धी वर राहिली. १९३ माणसं गेली.

सागरिका_पुणे

वाचताना हात थांबला. एक प्रश्न विचारते, अडाणी वाटला तरी सांगा. दारातून पाणी आलं हे कळलं, पण एवढी मोठी बोट चार मिनिटांत उलटते कशी? बुडायला तास लागतात असंच वाटत होतं.

यंत्रघर

प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. मी जहाजांवर इंजिनियर म्हणून काम केलंय, तर प्रयत्न करतो.

नेहमीच्या मालवाहू जहाजाच्या पोटात आडव्या भिंती असतात. एका कप्प्यात पाणी शिरलं तर ते तिथेच अडतं. गाड्यांच्या फेरीबोटीत गाड्या एका टोकातून दुसऱ्या टोकाला जायच्या असतात, म्हणून गाड्यांचा डेक म्हणजे पूर्ण लांबी-रुंदीचं एक मोकळं दालन. परातीत थोडंसं पाणी घेऊन चालून बघा : परात जराशी कलली की सगळं पाणी त्या कडेला धावतं आणि कल आणखी वाढतो. डेकवर काही शे टन पाणी पसरलं की हेच होतं. बोट डावीकडे किंचित झुकली, पाणी डावीकडे, झुकाव वाढला, ट्रक घसरले. स्वतःला सरळ करण्याची बोटीची ताकद तिथेच संपते. ती आधी उलटते, बुडते नंतर. म्हणून लोकांना लाइफबोटीपर्यंत पोचायलाही वेळ मिळाला नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. जोरात निघालेली बोट आपल्यापुढे पाण्याचा डोंगर उभा करते, आणि उथळ पाण्यात ती खाली बसतेही. अपघातानंतर बहीण बोट प्राइडवर चाचण्या घेतल्या, तेव्हा दिसलं की १८ नॉटच्या आसपास पुढची लाट दाराच्या उंबऱ्याच्या बरीच वर चढते. हेराल्ड हळू चालली असती तर कदाचित दार उघडं असूनही निभावलं असतं. नाक आधीच खाली, पाणी उथळ, वेग जास्त, दार उघडं. यातलं एक जरी नसतं तरी गोष्ट वेगळी झाली असती.

रोखठोक_७२

माहिती उत्तम आहे, पण मला एक खटकतंय. सगळा दोष ‘व्यवस्थे’वर टाकला की माणूस सुटतो. जो झोपला त्याची जबाबदारी होती की नव्हती? आणि कप्तान? दार लागलंय का हे विचारल्याशिवाय समुद्रात जायचं?

दर्यावेडा

रोखठोक, जबाबदारी होतीच, आणि चौकशीने ती नोंदवलीही. न्यायमूर्ती शीन यांच्या चौकशीने कप्तानाचं प्रमाणपत्र एक वर्षासाठी, त्या अधिकाऱ्याचं दोन वर्षांसाठी निलंबित केलं. झोपलेल्या खलाशाने स्वतःच ते मान्य केलं, आणि तो त्या रात्री लोकांना बाहेर काढण्यात जखमी होईपर्यंत राबला, हेही तितकंच खरं.

पण आता हे वाचा. ऑक्टोबर १९८३ मध्ये हेराल्डची बहीण प्राइड डोव्हरहून पुढचे-मागचे दोन्ही दरवाजे उघडे ठेवून निघाली होती. कारण? असिस्टंट बोसन झोपला होता. साडेतीन वर्षं आधी, तीच चूक, त्याच जातीची बोट, निव्वळ नशिबाने कोणी गेलं नाही. त्यानंतर १९८५ साली एका कप्तानाने लेखी मागितलं की ब्रिजवर दरवाजा लागल्याचा दिवा बसवा. कार्यालयातून त्या कागदावर शेरे पडत गेले. एकाने विचारलं, डेकचा माणूस जागा आणि शुद्धीत आहे का हे सांगायलाही आता दिवा हवा का? दुसऱ्याचा शेरा असा की त्या कामासाठी आपण माणसाला पगार देतोच ना. दिवे बसले नाहीत. अपघातानंतर उरलेल्या बहिणींवर ते काही दिवसांतच बसले.

शीन यांनी लिहिलं की वरपासून खालपर्यंत सगळ्या कंपनीला ढिलाईचा रोग लागला होता. न्यायाधीशाच्या अहवालात असं वाक्य सहसा येत नाही. मला ते शब्द जसेच्या तसे पटतात. माणूस थकणार, झोपणार, हे धरूनच बोट चालवायची असते. एका माणसाच्या जागं राहण्यावर साडेपाचशे जीव टांगून ठेवणं, आणि ते टांगलेले आहेत असं कप्तानांनी लिहून कळवूनही न हलणं, हा दोष झोपेपेक्षा मोठा आहे.

रोखठोक_७२

१९८३ चा प्रकार माहीत नव्हता. त्यानंतरही काही केलं नसेल तर तुमचं म्हणणं मान्य. कप्तानाने विचारायला हवं होतं हे माझं मत मात्र कायम.

दर्यावेडा

ते मत चौकशीचंही होतं. दुमत नाही.

काळा_कोट

कायद्याच्या बाजूने थोडी भर. ऑक्टोबर १९८७ मध्ये मृत्यूचौकशीच्या ज्यूरीने १८७ मृत्यूंबाबत ‘बेकायदा मनुष्यवध’ असा निर्णय दिला. पुढे खुद्द कंपनीवर आणि सात व्यक्तींवर सदोष मनुष्यवधाचा खटला भरला गेला, तो १९९० मध्ये लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी न्यायालयात चालला. न्यायाधीश टर्नर यांनी एक महत्त्वाची गोष्ट मान्य केली : कंपनीवर असा खटला तत्त्वतः चालू शकतो. पण सिद्ध काय करायचं? त्या वेळच्या इंग्लिश कायद्याप्रमाणे कंपनीचं ‘डोकं’ मानता येईल असा एखादा वरिष्ठ माणूस एकटा पूर्ण दोषी ठरला, तरच कंपनी दोषी. दहा जणांनी थोडं थोडं दुर्लक्ष केलं तर ती बेरीज करता येत नाही. खटला कोसळला.

यातली विसंगती अशी की कंपनी जितकी मोठी आणि तिचा कारभार जितका विस्कळीत, तितकी ती सुरक्षित. १९९४ मध्ये पहिल्यांदा इंग्लंडमध्ये एक कंपनी या गुन्ह्यात दोषी ठरली, ती इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लाइम बेमध्ये शाळकरी मुलं कनूच्या (छोट्या वल्ह्याच्या होड्यांच्या) सहलीत बुडाली त्या प्रकरणात. आणि ती कंपनी अगदी चिमुकली होती, मालक हाच तिचं डोकं. शेवटी २००७ साली नवा कायदा आला, ज्यात वरिष्ठ व्यवस्थापनाने एकूण कारभार कसा चालवला हे पाहता येतं. त्या कायद्यामागे हेराल्डच्या मृतांच्या कुटुंबांनी वीस वर्षं केलेला पाठपुरावा आहे. त्यांच्याबद्दल फार कमी लिहिलं जातं.

न्हावाशेवा_एक्सप्रेस

अवांतर आहे, पण मराठी वाचकांना जवळचं. अपघाताच्या जेमतेम दोन महिने आधी टाउनसेंड थोरेसनची पालक कंपनी पी अँड ओ या ब्रिटिश जहाज कंपनीने विकत घेतली होती. ही तीच पी अँड ओ, जिच्या टपाल बोटी मुंबईच्या बॅलार्ड पिअरला लागायच्या. २००६ मध्ये दुबईच्या डीपी वर्ल्डने पी अँड ओ घेतली, आणि त्याच व्यवहारात न्हावाशेवाचं पी अँड ओ ने उभं केलेलं खासगी कंटेनर टर्मिनलही त्यांच्याकडे गेलं. आज डोव्हर–कॅले चालणाऱ्या पी अँड ओ च्या बोटी आणि आपल्याकडचं ते टर्मिनल एकाच समूहाचे.

केंटकर

हे माहीत नव्हतं. त्याला जोडून : अपघातानंतर नारिंगी रंग इतका नकोसा झाला की १९८७ संपायच्या आत टाउनसेंड थोरेसन हे नाव पुसून पी अँड ओ युरोपियन फेरीज असं केलं, बोटी गडद निळ्या रंगवल्या. ‘फ्री एंटरप्राइज’ हे नावही गेलं.

पण दर्यावेडा, मूळ बोटीचं नंतर काय झालं? आणि बहिणींचं?

दर्यावेडा

हेराल्डला डच कंपनी स्मित-ताकने एप्रिल १९८७ मध्ये सरळ केलं. तोवर आतले बरेच मृतदेह काढता आले नव्हते. मग तिला नेदरलँड्समधल्या व्लिसिंगेन बंदरात नेलं. दुरुस्त करून पुन्हा चालवायला गिऱ्हाईक मिळालं नाही. ‘फ्लशिंग रेंज’ हे नाव देऊन तिला ओढत तैवानच्या काओश्युंगला नेलं, तिथे मार्च १९८८ मध्ये पोचली आणि मोडली गेली. आठ वर्षंही झाली नव्हती बोटीला. चांगल्या फेरीबोटी तीस वर्षं चालतात.

बहिणी त्या तीसच्या आसपास चालल्या, आणि म्हणूनच मला वाटतं की दोष आराखड्यात होता तितकाच, किंबहुना जास्त, तिला ज्या कामाला जुंपलं त्यात होता. स्पिरिटचं ‘प्राइड ऑफ केंट’ झालं. १९९१-९२ मध्ये तिला इटलीत पालेर्मोला मधोमध कापून नवा तुकडा घालून लांब केलं. नंतर ती ग्रीसमध्ये गेली. प्राइडचं ‘प्राइड ऑफ ब्रुजेस’ झालं, पुढे ‘ओलिअँडर’ नावाने ती इंग्लंडचं रॅम्सगेट आणि बेल्जियमचं ऑस्टेंड यांच्यामध्ये चालली. म्हणजे हेराल्ड जिथे उलटली त्या किनाऱ्याच्या शेजारीच, अनेक वर्षं, सुखरूप.

मांडव्याची_सई

आम्ही भाऊचा धक्का ते मांडवा रो-रोने येतो-जातो. २०२० मध्ये ती सुरू झाल्यापासून अलिबागकरांचा पनवेलचा वळसा वाचला, सोयच झाली. पण हा धागा वाचून घरी विषय निघाला. आमच्या आजी ‘रामदास’ बोटीचं नाव काढतात, १९४७ ची, रेवसला जाताना बुडालेली, सहाशेवर माणसं गेली. आजकालच्या बोटींवर हेराल्डसारखं होऊ शकतं का? घाबरवायला नाही विचारत, समजून घ्यायला विचारते.

यंत्रघर

सई, चांगला प्रश्न. एका विशिष्ट बोटीबद्दल तिचे कागद न पाहता बोलणं बरोबर नाही, तेव्हा सर्वसाधारण सांगतो. ‘रामदास’चा प्रकार वेगळा; ती गाड्यांची बोट नव्हती. पावसाळ्यातला समुद्र, गर्दी, आणि लोक एका बाजूला धावणं, असा तो होता.

हेराल्डनंतर जे बदललं ते असं. ब्रिजवर दरवाजांचे दिवे आणि कॅमेरे आले. दरवाजा लागल्याचं तोंडी, स्पष्ट कळवल्याशिवाय निघायचं नाही हा नियम झाला. ‘कोणी बोललं नाही म्हणजे ठीक’ ही पद्धत गेली. ब्रिटनने १९८९ मध्ये सागरी अपघातांच्या तपासासाठी स्वतंत्र विभाग काढला. आंतरराष्ट्रीय पातळीवर सुरक्षित व्यवस्थापनाची संहिता आली, प्रवासी जहाजांना ती १ जुलै १९९८ पासून बंधनकारक. तिच्यात एक तरतूद मला सगळ्यात मोलाची वाटते : प्रत्येक कंपनीत किनाऱ्यावर एक नेमलेली व्यक्ती असलीच पाहिजे, जिला वरिष्ठांपर्यंत थेट पोच आहे आणि जिच्याकडे बोटीवरचे लोक सुरक्षेची तक्रार नेऊ शकतात. १९८५ चा दिव्याचा कागद आज अशा व्यक्तीकडे गेला असता आणि त्यावर शेरा मारून परत पाठवता आला नसता.

मोकळ्या डेकचा मूळ प्रश्न मात्र तेवढ्याने सुटला नाही. २८ सप्टेंबर १९९४ ला बाल्टिक समुद्रात ‘एस्टोनिया’ बुडाली, ८५२ जण गेले. तिथे पुढची चोच लाटांनी तुटली होती, कोणी उघडी ठेवली नव्हती, पण पाणी शिरल्यावर पुढचं सगळं तेच. त्यानंतर उत्तर युरोपातल्या देशांनी स्टॉकहोम करार केला : डेकवर अर्ध्या मीटरपर्यंत पाणी साचलं तरी बोट टिकेल असं सिद्ध करा. जुन्या कितीतरी बोटींना त्यासाठी आडव्या भिंती किंवा बाजूच्या फुगीर टाक्या बसवाव्या लागल्या.

सागरिका_पुणे

आणि प्रवाशांनी काय पाहावं?

यंत्रघर

फार काही हातात नसतं, पण दोन गोष्टी. बोट चालू झाल्यावर गाडीत बसून राहू नका, वर या. म्हणूनच तसा नियम करतात. आणि रॅम्प किंवा दार पूर्ण वर यायच्या आत बोट धक्का सोडताना दिसली तर जवळच्या कर्मचाऱ्याला विचारा, मोठ्याने विचारा. विचारल्याचा कोणाला राग आला तर येऊ द्या.

मांडव्याची_सई

पटलं. वर जाऊन बसतो आम्ही, आता आजींनाही हट्टाने वर नेईन. त्यांना गाडीत एसी लावून बसायचं असतं.

केंटकर

दर्यावेडा, १९५३ च्या ‘प्रिन्सेस व्हिक्टोरिया’वरही लिहा. स्कॉटलंड ते उत्तर आयर्लंड, मागचं दार लाटांनी फोडलं, गाड्यांच्या डेकवर पाणी. हेराल्डच्या चौतीस वर्षं आधी.

दर्यावेडा

लिहितो. तिथेही डेकवर आलेलं पाणी बाहेर जायला पुरेशी वाट नव्हती, आणि मागच्या दाराबद्दल आधीचे प्रसंग होऊन गेलेले होते. मालक तेव्हा सरकारी रेल्वे होती, त्यामुळे खासगी की सरकारी या वादालाही ती बोट चांगलं उत्तर देते. पण तिची बांधणी आणि मार्ग इतका वेगळा आहे की वेगळा धागा काढावा लागेल.